देवघेवीच्या टेबलापाशी

ग्रंथपालनशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्गातील व्याख्यानांबरोबरच काही आठवडे किंवा महिने एखाद्या चालत्या ग्रंथालयात प्रत्यक्ष राबावे लागते. या काळाला आता सर्रास ‘इंटर्नशिप’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘उमेदवारी’ हा जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. हाती अधिकार नसताना, मनात उमेद बाळगून, जाणत्याच्या हाताखाली काम शिकणे म्हणजे उमेदवारी. आपल्या ख्रिस्ती घरांतील मुलेमुली पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकी पेशात आणि रुग्णसेवेत गेली. ती कामे म्हणजे सेवा होय, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. परंतु मंडळीतील एखादी मुलगी सार्वजनिक ग्रंथालयात उमेदवारी करू लागली, तर ‘बरे झाले, सावलीतले काम मिळाले’ यापलीकडे आपला विचार सहसा जात नाही.

वास्तविक या कामात एक नैतिक पेच आहे, आणि तो शाळेत किंवा इस्पितळात इतक्या थेटपणे समोर येत नाही. जे औषध रुग्णाला अपाय करील अशी परिचारिकेची खात्री आहे, ते देण्यापूर्वी ती थांबू शकते, डॉक्टरांना विचारू शकते. ग्रंथालयातील सेविकेला मात्र, जे पुस्तक आपल्या मते असत्य आहे, एवढेच नव्हे तर ज्यात आपल्या प्रभूची अवहेलना आहे, तेही मागणाऱ्याच्या हाती आदराने ठेवावे लागते. ख्रिस्ती व्यक्तीने हे करावे काय? केले तर ती आपल्या विश्वासाशी प्रामाणिक राहते काय? या प्रश्नाचा विचार मुलीने करावाच, पण तिच्या आईवडिलांनी आणि मंडळीनेही करणे अगत्याचे आहे.

सार्वजनिक ग्रंथालय ही मुळात काय वस्तू आहे, हे प्रथम पाहू. दिल्ली पब्लिक लायब्ररीचे उदाहरण घ्या. युनेस्को आणि भारत सरकार यांच्या सहकार्याने एक पथदर्शक प्रकल्प म्हणून ती सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जागा निवडली तीही जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्थानकासमोरची, म्हणजे जेथे सर्व थरांतील माणसांची अखंड ये-जा असते अशी. युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा आपला जाहीरनामा १९४९ साली प्रथम काढला. त्याच्या १९९४ च्या आवृत्तीत वय, वंश, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व, भाषा आणि सामाजिक दर्जा यांपैकी कशाचाही भेद न करता सर्वांना समान सेवा मिळावी असे तत्त्व स्पष्टपणे मांडले आहे, आणि २०२२ साली जाहीरनाम्याला नवे रूप देतानाही ते कायम राखले आहे. विद्यापीठाचे ग्रंथालय विद्यार्थ्यांचे असते, धर्मसंस्थेचे ग्रंथालय त्या धर्माच्या अभ्यासकांचे असते. सार्वजनिक ग्रंथालय मात्र दारातून आत येणाऱ्या कोणाचेही असते.

आणि आत येणारे तरी किती तऱ्हांचे! दार उघडण्यापूर्वीच स्पर्धा परीक्षांचे उमेदवार पायऱ्यांवर उभे असतात, कारण घरी अभ्यासाला एक टेबल मिळेल इतकी जागा नसते. निवृत्त गृहस्थ वृत्तपत्रांच्या टेबलाकडे वळतात. शाळेची मुले गोष्टींची पुस्तके मागतात. कोणी केवळ उन्हातून येऊन पंख्याखाली घटकाभर टेकतो. देवघेवीच्या टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग वाढत असतो, रांगेतील माणूस घड्याळाकडे पाहत असतो आणि संगणक नेमका तेव्हाच अडून बसतो. उमेदवारीला आलेली मुलगी पहिल्या दिवशी या गर्दीत उभी राहते. ग्रंथांच्या सहवासात शांतपणे दिवस जातील, ही तिची कल्पना पहिल्या तासातच विरून जाते.

भारतीय ग्रंथालय चळवळीचे अध्वर्यू डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा अनुभव नेमका उलट होता, आणि म्हणूनच तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले रंगनाथन गणिताचे अध्यापक होते. तेथील गणिताचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना ते जन्मभर गुरुस्थानी मानीत. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पण विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गातून आलेल्या या तरुणाला ग्रंथालयातील एकांत इतका जाचू लागला की, त्यांनी पुन्हा अध्यापनाकडे परतण्याची खटपट केली. त्याच वर्षी त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे शिक्षक लाभले. सेयर्स हे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. तेथे आणि इतर अनेक ग्रंथालयांत रंगनाथन यांनी पुस्तकांपाशी येणारी सर्व थरांतील माणसे पाहिली आणि त्यांचे मन पालटले. पदाने ग्रंथपाल असलेला हा विद्वान तेथे पुन्हा उमेदवार झाला. पुढे १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तकाचे सार्थक वापरात आहे, कोणताही वाचक विन्मुख जाऊ नये, कोणताही ग्रंथ वाचकावाचून पडून राहू नये, वाचकाचा वेळ वाया जाऊ नये आणि ग्रंथालय सजीवाप्रमाणे वाढत राहते, असा त्यांचा आशय आहे. या पाचांतील दुसरे सूत्र आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. ‘कोणताही वाचक’ असे म्हटल्यावर त्यात आपल्या धर्माचा टीकाकारही आला.

मोठ्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी लहान कामांकडे पाहावे, कारण उमेदवारीची सुरुवात तेथेच होते. पहिले काम बहुधा परत आलेली पुस्तके वर्गांकाप्रमाणे जागेवर लावण्याचे असते. ते कंटाळवाणे असते आणि त्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही. परंतु चुकीच्या फडताळावर गेलेले पुस्तक ग्रंथालयात असूनही नसल्यासारखे असते. संगणक सांगतो पुस्तक आहे, वाचक जाऊन पाहतो तर जागा रिकामी. म्हणून रोज थोडा वेळ एकेका फडताळावरून बोट फिरवीत क्रम तपासावा लागतो. एका नाण्यासाठी दिवा लावून सारे घर झाडणाऱ्या स्त्रीचा प्रभूने सांगितलेला दृष्टांत येथे आठवावा. तिच्यापाशी आणखी नऊ नाणी होती, तरी हरवलेले एक तिला शोधावेसे वाटले. हे पुस्तक शोधणाऱ्या माणसाला आपण पाहिलेलेही नाही, तो कदाचित दोन महिन्यांनी येईल. ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही त्याच्यासाठी आपले काम नीट करणे, हा सेवेचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा ऐकण्याचा. वाचक जे मागतो तेच त्याला हवे असते असे नाही. कोणी ‘कायद्याची पुस्तके कुठे?’ म्हणून विचारते, आणि तिला खरे पाहता पोटगीविषयी जाणून घ्यायचे असते. कोणी हृदयरोगावरील पुस्तक मागतो, आणि त्याच्या खिशात त्याच दिवशीचा वैद्यकीय अहवाल असतो. संदर्भसेवेत हलक्या हाताने एकदोन प्रश्न विचारून गरज समजून घ्यावी लागते, आणि कोठे थांबावे तेही कळावे लागते. यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयाला लोकांचा समुदाय गप्प बसवू पाहत होता. प्रभू थांबला, त्याने त्याला बोलावून घेतले आणि मी तुझ्यासाठी काय करावे असे विचारले. आंधळ्याला काय हवे ते उघडच दिसत होते. तरीही त्याची मागणी त्याच्याच तोंडून ऐकण्याचा मान प्रभूने त्याला दिला.

आता मुख्य प्रश्न. समजा, या मुलीपाशी कोणी येऊन ख्रिस्ती धर्माचे खंडन करणारे पुस्तक मागितले. ते ग्रंथालयात आहे, तिला जागाही माहीत आहे. तिच्यापुढे नकाराचे सोपे मार्ग आहेत. ‘बाहेर गेले आहे’ असे ती सांगू शकते, न दिसल्यासारखे करू शकते, किंवा ते भलत्याच फडताळावर सरकवून देऊ शकते. तिला याच्या उलट मोहही होऊ शकतो. त्या पुस्तकात एखादी सुवार्तापत्रिका हळूच घालून द्यावी, म्हणजे विषाबरोबर उतारा जाईल, असे तिच्या मनात येईल. दोन्ही मोह विश्वासाच्या आवेशातून येतात. म्हणूनच ते ओळखणे कठीण असते.

यांतील पहिला मार्ग तर सरळसरळ असत्याचा आहे. सत्याची पाठराखण खोट्याने होत नाही, हे आपण लहान मुलांना शब्बाथशाळेत शिकवितो. दुसऱ्या मार्गात उघड असत्य नाही, परंतु विश्वासघात आहे. वाचकाने पुस्तक मागितले होते, उपदेश मागितला नव्हता. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या टेबलाचा उपयोग आपल्या मताच्या प्रसारासाठी करणे म्हणजे दुसऱ्याने दुसऱ्या कामासाठी सोपविलेली वस्तू परस्पर खर्च करणे होय. मध्ययुगात मौल्यवान ग्रंथ चोरीस जाऊ नयेत म्हणून साखळ्यांनी जखडून ठेवीत. इंग्लंडमधील हेरफर्ड कॅथीड्रलमध्ये असे ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. त्या साखळ्या निदान सर्वांना दिसत होत्या. पुस्तक लपविणारी सेविका घालते ती साखळी वाचकाला दिसतही नाही, म्हणून ती अधिक वाईट.

पण मग साक्षीचे काय, असा प्रश्न एखादा ज्येष्ठ विश्वासू बंधू विचारील. तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आपला प्रकाश झाकून ठेवू नये, ही तर प्रभूची आज्ञा आहे. येथे दानिएलाचे उदाहरण मला फार मार्गदर्शक वाटते. दानिएल आणि त्याचे सोबती बाबेलच्या राजवाड्यात उमेदवारच होते. तीन वर्षांची मुदत ठरलेली, आणि शिकायचे काय, तर खास्द्यांची भाषा व विद्या, म्हणजे परक्या दैवतांच्या देशाचे सारे वाङ्मय. ते शिकण्यास त्यांनी नकार दिला नाही. किंबहुना त्यात ते सर्वांहून सरस ठरले. त्यांनी रेषा आखली ती राजाच्या अन्नाच्या बाबतीत, आणि तीही लपूनछपून नव्हे. दानिएलाने अधिकाऱ्याला नम्रपणे विनंती केली, दहा दिवस परीक्षा पाहावी असे सुचविले आणि परिणामाला सामोरे जाण्याची तयारी ठेवली. दुसऱ्याचे ग्रंथ हाताळल्याने आपण विटाळत नाही. आणि जेथे खरोखरच विवेक आड येतो, तेथे तो वरिष्ठांना तोंडावर सांगावा, टेबलाखाली कारस्थान करू नये. दोन्ही गोष्टी त्या एका अध्यायातून शिकता येतात.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातही याचा एक धडा आहे. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. विष्णुबावा हे ख्रिस्ती मताचे कडवे टीकाकार होते. त्या वादांचा वृत्तान्त इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला तो जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्यानेच. प्रतिपक्षाचे म्हणणे छापून लोकांच्या हाती दिल्याने सुवार्तेचा पराभव होईल, असे त्यांना वाटले नाही. ज्याला आपल्या सत्याविषयी खात्री आहे, त्याला दुसऱ्याचे पुस्तक दडविण्याची गरज पडत नाही. त्या तरुण श्रीमंत मनुष्याचेही स्मरण करावे. प्रभूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असे शास्त्र सांगते. तरीही तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा प्रभूने त्याची वाट अडविली नाही. ज्याच्यापाशी सर्व अधिकार होता त्याने माणसाचे स्वातंत्र्य राखले. उमेदवारीला आलेल्या मुलीने ते हिरावून घ्यावे हे शोभत नाही.

कोणी म्हणेल, आपण या देशात अल्पसंख्य आहोत. आज आपण दुसऱ्याला त्याचे पुस्तक निःपक्षपातीपणे दिले, तर उद्या दुसरा कोणी आपल्या मुलांना पवित्र शास्त्र तसेच देईल, म्हणून हे शहाणपणाचे आहे. हा विचार खोटा नाही, पण तो व्यवहाराचा आहे. त्याच्या वरची एक पायरी आहे. स्वर्गीय पिता आपला सूर्य भल्याबुऱ्या दोघांवर उगवितो आणि पाऊस नीतिमानाच्या शेतावर पाडतो तसाच अनीतिमानाच्याही शेतावर पाडतो, असे सांगून प्रभूने आपल्याला त्या पित्याची लेकरे होण्यास बोलाविले आहे. त्या निःपक्षपातीपणाच्या मुळाशी प्रीती आहे, उदासीनता नव्हे. ‘मला काय त्याचे’ म्हणून पुस्तक फेकल्यासारखे देणे आणि ‘हा माझा शेजारी आहे, त्याला त्याची वस्तू नीट मिळो’ म्हणून देणे, यांत बाहेरून फरक दिसणार नाही, पण आतून जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

यालाही मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. कायद्याने बंदी असलेले किंवा लहान मुलाच्या हाती देऊ नये असे साहित्य असते. पण त्याचा निर्णय कायदा, ग्रंथनिवड समिती आणि ग्रंथपाल यांनी उघडपणे करावयाचा असतो. उमेदवाराने आपल्या आवडीनिवडीला त्यांच्या जागी बसवू नये. तसेच निःपक्षपाती राहणे म्हणजे मुके होणे नव्हे. कोणी आपणहून तिला तिच्या श्रद्धेविषयी विचारले, तर काम आटोपल्यावर तिने सौम्यपणे आणि आदराने उत्तर द्यावे. ज्या टेबलापाशी कोणाला फसविले जात नाही, तेथील माणसाच्या शब्दाला वजन येते.

धर्माच्या बाबतीतील पक्षपात मोठा वाटतो म्हणून आपण त्याची चर्चा करतो. परंतु गर्दीच्या ग्रंथालयात रोज घडणारा पक्षपात वेगळाच असतो. स्वच्छ कपडे, इस्त्रीची घडी आणि सराईत इंग्रजी घेऊन येणाऱ्याला पटकन वाट मिळते. चपला बाहेर काढून येणारा, अर्ज कसा भरावा हे न कळणारा मात्र ‘जरा थांबा’ ऐकत उभा राहतो. याकोबाने आपल्या पत्रात सभास्थानातील हेच दृश्य रेखाटले आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा, आणि मळकट वस्त्रे ल्यालेल्या गरिबाला पायांशी. प्रेषिताने त्याला शिष्टाचारातील उणीव म्हटले नाही, पाप म्हटले. ख्रिस्तविरोधी पुस्तक देताना जिचा हात थरथरतो, तिचा हात गरिबाला ताटकळत ठेवताना थरथरत नसेल, तर तिने आपल्या विवेकाचा काटा तपासून पाहावा.

अर्थात रांग लांब असते हे खरे. एका अडलेल्या माणसासाठी दहा मिनिटे दिली तर मागचे नऊ जण थांबतात, आणि त्यांचाही वेळ मौल्यवान आहे. यावर कोणतेही सूत्र पुरे पडत नाही. ‘आजोबा, बसा, एवढी रांग संपली की मी येते’ असे सांगणे आणि मग खरोखरच जाणे, एवढे मात्र कोणालाही साधते. त्यांतील दुसरा भाग अवघड आहे. रांग संपते तेव्हा आपणही थकलेले असतो.

आणखी एक गोष्ट विश्वासाने सोपविलेली असते. कोण काय वाचतो हे देवघेवीच्या टेबलाला ठाऊक असते, आणि आता संगणकामुळे ते साठूनही राहते. शेजारच्या घरातील मुलगी कोणत्या आजाराचे पुस्तक घेऊन गेली, पाळकसाहेबांच्या मुलाने कोणत्या मताचा ग्रंथ नेला, हे मंडळीच्या चहापानात बोलण्याचे विषय नव्हेत. शंकेतून जाणाऱ्या माणसाला एकांतात वाचण्याची मुभा हवी असते. ती मोडली तर तो पुन्हा ग्रंथालयात येणार नाही आणि बहुधा मंडळीतही नाही.

उमेदवाराच्या हाती सत्ता नसते. वरिष्ठ पक्षपात करताना दिसले तर तिने काय करावे? काही दिवसांच्या अनुभवावर मोठ्यांचा न्याय करण्याची घाई तिने करू नये. वीस वर्षे गर्दीला तोंड देऊन थकलेल्या माणसाचे ओझे तिने अजून उचललेले नाही. तथापि त्यांचे चुकते तेथे त्यांचे अनुकरण करण्याचे बंधनही तिच्यावर नाही. सबंध ग्रंथालय तिच्या हाती नसले तरी या क्षणी टेबलापलीकडे उभा असलेला एक माणूस तिच्या हाती आहे. तेवढ्यापुरती ती पूर्ण जबाबदार आहे आणि पूर्ण स्वतंत्रही आहे.

मुदत संपल्यावर तिला एक प्रमाणपत्र मिळेल. त्यावर किती दिवस काम केले आणि कोणत्या विभागांत केले याची नोंद असेल. तिने कोणाचा प्रश्न धीराने ऐकला, कोणते पुस्तक लपविण्याचा मोह आवरला, याची नोंद त्यात नसेल. आपल्या मंडळ्यांत परिचारिका आणि शिक्षक यांच्यासाठी नावे घेऊन प्रार्थना होते, ती व्हावीच. येत्या रविवारी त्या यादीत ग्रंथालयात नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींचीही नावे घालावीत. समोर येईल तो कोणीही असो, त्याला त्याचे पुस्तक सचोटीने आणि प्रीतीने देण्याचे बळ त्यांना मिळावे, एवढेच मागणे त्यांच्यासाठी करावे.